क्रांतीचं शीट कोणी रद्द केलं?

१

क्रांती पलूसच्या फाट्यावर पत्र्याची पेटी घेऊन उभी राहिली आणि तिची बस आलीच नाही. तिकीट आधीच काढून ठेवलेलं होतं. सुवर्णझेप ट्रॅव्हल्सची ती बस त्या संध्याकाळी सांगलीहून सुटली आणि पुण्याला वेळेत पोचलीसुद्धा. फक्त पलूसकडे न वळता परस्पर हायवेला लागली. पुण्याहून क्रांतीला पुढची रेल्वे धरायची होती, ती चुकली.

मी प्रियदर्शनी. सांगलीत वकिली करते, ग्राहक आयोगातली कामं जास्त. बस रद्द झाली, बस सोडून गेली, रात्रभर धाब्यावर उभी केली, असली प्रकरणं माझ्याकडे ढिगानं येतात. लोकांना वाटतं, बस चुकली म्हणजे आपलं नशीब फुटलं. अहो, नशीब कसलं? तिकीट घेतलंय तुम्ही! कंपनीनं फेरी रद्द केली किंवा तुम्हाला सोडून गेली तर भाडं परत मागता येतं, आणि त्यापायी झालेल्या नुकसानीची भरपाईही. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

पण क्रांतीला भरपाई नको होती. माझ्या टेबलासमोर पाठ ताठ ठेवून बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला रुपया नको. चूक माझी न्हवती, एवढं शाबीत करून द्या."

सीमेवर पहारा देणाऱ्या दलात तिची भरती झाली होती. प्रशिक्षणाला हजर व्हायचा दिवस त्या बसमुळे हुकला. तिथल्या साहेबानं एवढी मेहेरबानी केली होती की, प्रवास तुमच्या हाताबाहेरच्या कारणानं मोडला हे दाखवा, पुढच्या तुकडीत घेतो. नाहीतर नाव कट. आणि पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय उलटणार होतं.

सोबत तिचे वडील होते. जोतीराम, फौजेतून निवृत्त. मिशा पिळलेल्या, पण चेहरा उतरलेला. "कंपनीला सोडू नका, बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, सोडते कुठली!

कंपनीला नोटीस गेली. तिचं उत्तर वाचलं आणि मी चष्मा काढून टेबलावर आपटला. बस चुकली नव्हतीच म्हणे. त्याच संध्याकाळी क्रांतीच्या स्वतःच्या मोबाइलवरून मेसेज आला होता, शीट रद्द करा म्हणून.

२

पलूसचा बुकिंग एजंट बशीरभाई. दुकान टायरचं, त्यातच एका कोपऱ्यात बुकिंगचं टेबल. मी तणतणतच आत शिरले.

"बशीरभाई, खोटा मेसेज दाखवताय होय?"

"तौबा, तौबा! आवं मॅडम, क्रांती माझ्या लेकीच्या, अर्फाच्या वर्गातली. तिचं वाईट मी करीन व्हय?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. नंबर क्रांतीचा. मजकूर एवढाच की, माझं जाणं रद्द झालंय, शीट सोडा. क्रांती.

"तुम्ही उलट फोन करून खात्री केली नाही?"

बशीरभाईंनी मान खाली घातली. "तिथंच चुकलं माझं. पोरीबाळींची जाणी अशी ऐनवेळी मोडतात, मॅडम. घरात काय झालं, कोण नको म्हणालं, हे कसं विचारायचं? पलूसचं तेवढं एकच शीट होतं. मी ड्रायव्हरला कळवलं, पलूसला येऊ नको."

"मेसेज नक्की केव्हा आला?"

"गावात आरतीचा भोंगा सुरू होता बगा. नंबर तिचा, फोन तिचा. मी काय समजणार?"

तिथूनच मी क्रांतीला फोन लावला. ती रडकुंडीला आली. "मी कशाला रद्द करीन, मॅडम? आरती सुरू हुती तवा मी देवळात हुते! फोन घरात चार्जिंगला लावलेला. माझ्या फोनात तसला मेसेजच न्हाई."

"पुसला असेल कोणीतरी. फोनचा पॅटर्न कोणाला ठाऊक आहे?"

ती हळूच म्हणाली, "घरच्या सगळ्यांना."

म्हणजे कंपनी खोटं बोलत नव्हती. चोर घरातलाच होता, आणि मी त्या घराची वकील होते. कपाळाला हात लावायची वेळ आली.

३

त्यांचं गाव पलूसपासून जवळच. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, घरटी एक माणूस फौजेत. त्या गावाची एक रीत आहे. फौजेत निघालेल्या पोराला देवीच्या देवळात पाच सवाष्णी ओवाळतात, कपाळाला कुंकू लावतात आणि मग तो वेशीबाहेर पडतो. पोरीला असं ओवाळायची वेळ गावावर पहिल्यांदाच आली होती.

आधी मी शिवतेजला गाठलं. क्रांतीचा थोरला भाऊ. भरतीला तीनदा धावला, तीनदा नापास. बहीण पहिल्याच फटक्यात पास. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस नव्हता.

"देवळात होतास?"

"न्हाई. पेटी घिऊन गाडीवरनं फाट्यावर गेलो हुतो. तिथल्या वडेवाल्याला इचारा. आरती संपंस्तोवर तिथंच हुतो."

"बहिणीचं भलं झालेलं खुपलं का रे तुला?"

त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. "खुपलं की! खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवशी जेवलो न्हाई. पन तिला पळायला मीच शिकवलंय, मॅडम. रोज पहाटं तिच्याबरोबर मीच पळत हुतो." त्याचे डोळे भरून आले. मी वडेवाल्याला विचारलं. पोरगा खरं बोलत होता.

मग क्रांतीची आई, दीपमाला. चुलीपुढून उठायलाच तयार नव्हत्या.

"देवळात कोण कोण होतं, ताई?"

"बायकाच की. मी हुते, शेजारची अंकिता, वरच्या आळीच्या दोघी..." आणि त्या थांबल्या.

"या चार झाल्या. पाचवी?"

"आवं, च्या गार हुतुय तुमचा. कायतरीच इचारत बसलाय!" त्यांनी तोंड फिरवून चुलीत काटकी सारली.

"तुमचे मालक कुठं होते?"

"म्हागनं येतो म्हनाले. आमी बाहेर आलो तवा पायरीवरच हुते."

शेवटी जोतीराम. अंगणात खाटेवर बसले होते. मी मेसेजचं सांगितलं तेव्हा मिशीवरून हात फिरवत राहिले.

"तुम्ही देवळात होता?"

"होतो तर! पायरीवर उभं राहून सगळं बघितलं. पाच सवाष्णींनी ओवाळलं. आमची मंडळी पहिली, मग बाकीच्या. छाती भरून आली, बाई."

"तेवढ्यात घरात कोण होतं?"

"कोण असणार? विजयमाला तेवढी."

विजयमाला म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. तो भाऊ फौजेत होता. बर्फात दरड कोसळली आणि गेला. तेव्हापासून ही बाई याच घरात, मागच्या खोलीत. क्रांतीला अंगाखांद्यावर तिनंच वाढवलेलं.

"त्या देवळात आल्या नव्हत्या?"

"आता असं काय इचारताय, बाई? विधवा बाई ओवाळणीला कशी यील? ग्रामपंचायतीनं ठराव केलाय खरा, विधवांनी सगळ्यात यायचं म्हणून. पन कागदावर. ती खोलीत हुती, दार ओढून."

मी हळूच म्हटलं, "म्हणजे घरात फोन होता आणि विजयमालाबाई होत्या. दुसरं कोणीच नव्हतं."

ते ताडकन उठले. "तिचं नाव घ्यायचं न्हाई! काय वाट्टेल ते करा, केस सोडून द्या, पन तिचं नाव न्हाई!"

"कुठं आहेत त्या आत्ता?"

बस चुकली त्याच्या दुसऱ्याच दिवशी विजयमाला पिशवी भरून माहेरी निघून गेली होती. कोरेगावला.

४

कोरेगावापर्यंत मी गाडीत स्वतःशीच भांडत होते. एकटी बाई, पोरच तिचा आधार. पोरगी गेली तर त्या घरात तिचं कोण? कारण तर सरळ होतं. पण मग क्रांतीला काय सांगायचं? जिनं वाढवलं तिनंच तुझा पाय ओढला, असं?

भावाच्या घराच्या मागच्या पडवीत विजयमाला घेवडा निवडत बसली होती. पन्नाशीला आलेली, डोक्यावर पदर. माझं नाव सांगितल्याबरोबर तिच्या हातातलं सूप निसटलं आणि घेवडा सगळीकडे पांगला.

"क्रांतीनं पाठवलं व्हय तुमाला?"

"नाही. मीच आले. काकू, मला खरं सांगा. त्या दिवशी बस आली नाही, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे?"

तिनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदका आवरत म्हणाली, "व्हय, बाई. पोरीचं वाटोळं मीच केलं."

५

मी तिला पाणी दिलं. आधी पोटभर रडू दिलं. मग विचारलं, "फोन कसा उघडला?"

"कसला फोन?"

"क्रांतीचा. मेसेज केलात ना, शीट सोडा म्हणून?"

ती अशी बघायला लागली की, मलाच माझी लाज वाटली. "मला फोनातलं काय बी कळत न्हाई, बाई. मी ओवाळलं तिला! मी, बिनकुंकवाच्या बाईनं!"

"कुठं ओवाळलं?"

"देवळात. पोरगी हट्टालाच पेटली. म्हनाली, काकू ओवाळणार नसंल तर मी कुनाचंच कुंकू लावून घेणार न्हाई. मागल्या दारानं मला ओढत नेलं. पाचवी मी हुते. थोरल्या जाऊबाईंनीच, आक्कांनी, ताट माझ्या हातात दिलं. मला बी वाटलं, एवढा ठराव झालाय, लेकरू माझंच हाय, काय हुतंय? आन् कुंकू लावलं. तासाभरात बघतीया तर बस न्हाई." ती कपाळ बडवायला लागली, मी हात धरले. "माझा धनी असाच गेला. आता पोरीला बी नाट लागला माझा."

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"त्या चौघींना आन् पोरीला. आक्का म्हनाल्या, कुनी बोलायचं न्हाई, न्हाईतर गाव विजयमालालाच बोल लावंल. मी पोरीला शपथ घातली. थोरल्या दिरांना, दादांना तर कळूच द्यायचं न्हवतं. ते लय मानत्यात मला, पन रीत ती रीत."

"आणि घरी कशा आलात?"

"मागल्याच दारानं. गुपचुप खोलीत जाऊन बसले."

आता दीपमालाताईंची अडखळलेली पाचवी सवाष्ण मला कळली. क्रांतीनं देवळातलं मला काहीच का सांगितलं नाही, तेही कळलं. मी खाली बसून एकेक शेंग वेचायला लागले, कारण माझं मलाच काही सुचत नव्हतं.

एक माणूस मला सांगत होता की, त्यानं पायरीवर उभं राहून पाचही सवाष्णी बघितल्या. आणि विजयमाला घरात दार ओढून बसली होती म्हणून. दोन्ही गोष्टी त्यानं बघितल्या नव्हत्याच. एकच बघितली होती, ओढून घेतलेलं दार. आणि ते दार देवळाच्या पायरीवरून दिसत नाही.

"काकू, चला माझ्याबरोबर. आत्ताच."

"मी न्हाई येणार त्या घरात!"

"यावं लागेल. तुमच्या हातानं काही झालेलं नाही, आणि ज्याच्या हातानं झालंय त्याला मी तुमच्यासमोर विचारणार आहे."

६

आम्ही पोचलो तेव्हा सगळे अंगणातच होते. विजयमालाला बघून क्रांती धावत येऊन तिला बिलगली. जोतीराम खाटेवरून उठले, पुन्हा बसले.

"जोतीरामजी," मी म्हटलं, "देवळात पाचवी कोण होती?"

"मला काय बायकांची नावं..."

"गावातल्या बायका तुम्हाला ठाऊक नाहीत? पायरीवरून बघितलंत ना? छाती भरून आली म्हणालात."

दीपमालाताईंनी पदर तोंडाला लावला. जोतीराम बायकोकडे बघायला लागले, तिथून काही आधार मिळतो का म्हणून.

"मी सांगते. पाचवी विजयमालाबाई होत्या. पायरीवर उभा असलेला कोणीही हे विसरला नसता, तुमच्या गावात असं कधी घडलंच नव्हतं. तुम्ही ते बघितलं नाही, कारण तुम्ही तिथं नव्हता. तुम्ही घरात होता. मागच्या खोलीचं दार ओढलेलं दिसलं आणि तुम्ही धरून चाललात की, भावजय आतच आहे. विधवा बाई जाणार कुठं! आरती सुरू असताना मेसेज केला, पुसला आणि बायका बाहेर पडायच्या आत पायरीवर येऊन उभे राहिलात."

शिवतेजच म्हणाला, "आण्णा, फाट्यावर मी म्हनत हुतो, दुसरी गाडी धरूया. तुमीच म्हनालात, तिकीट काढलंय, शिस्तीत थांबायचं. बशीरभाईला फोन करू देत न्हवता तुमी."

क्रांती वडिलांकडे बघत होती. "आण्णा, हे खोटं हाय म्हना."

जोतीराम बोलायला लागले. तो माझ्या ओळखीचा आवाज नव्हता.

"धाकट्याला मीच भरतीला नेला हुता. त्याला यायचं न्हवतं, त्याला दुकान टाकायचं हुतं. मी म्हनालो, मर्दासारखा वाग. आन् त्याची पेटी मीच घरी आणली, लाकडाची." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तुझा निकाल लागला आन् मी गावात पेढं वाटलं. लोकं म्हनाली, वाघाची लेक. फौजी मानसानं लेकीला 'मला भ्या वाटतंय, जाऊ नको' असं कुठल्या तोंडानं म्हनायचं? म्हटलं, दिवस हुकंल. खापर कंपनीवर फुटंल. तुला भरपाई बी मिळंल. कुनाचं काय बी वाईट हुणार न्हाई."

"कुनाचंच न्हाई?" विजयमाला पुढे आली. थोरल्या दिरासमोर ती आजवर मान वर करून बोलली नसेल. डोक्यावरचा पदर खाली घसरला, तिनं सावरला नाही. "दादा, मी कुंकवाचा हात धुऊन धुऊन कातडं काढलं. ताटात भाकरी घेतली तरी वाटायचं, ह्याच हातानं लेकराचं नशीब पुसलं. म्हनून घर सोडून गेले. आन् तुमी इथं खाटंवर बसून सगळं जानत हुता!"

"तू देवळात गेलीस हे मला ठावं न्हवतं, विजयमाला. देवाशपथ न्हवतं."

"ठावं असतं तर काय केलं असतं? बोलला असता?"

त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, ती मागे सरकली.

क्रांती रडली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, निदान पाठ फिरवून आत जाईल. ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माझ्या नकळत दुसऱ्यानं शीट रद्द केलं, हे कागदावर आलं तर दल मला घेईल?"

"घेईल असं वाटतं. पण ज्यानं रद्द केलं त्यानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागेल. नावानिशी. कारणासकट."

"लिहून घ्या."

अंगणातच, खाटेवर बसून मी लिहून घेतलं. जोतीराम सांगत गेले. 'मला भीती वाटली' या शब्दांपाशी ते थांबले आणि म्हणाले, "हे घालायलाच पायजे काय, बाई? साहेब वाचतील. गावात कळंल."

मी क्रांतीकडे बघितलं. तिनं होकारार्थी मान हलवली. घालायलाच पाहिजे होतं.

७

कंपनीला दिलेली नोटीस मी मागे घेतली. कंपनीच्या वकिलानं मला फोन करून टोमणा मारलाच. मीही त्याला सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या माणसानं एक उलट फोन केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं, आणि पुढच्या वेळी मला चोर सापडला नाही तर तुम्हीच सापडणार आहात. तो हसला. मला हसू आलं नाही.

दलानं क्रांतीला पुढच्या तुकडीत घेतलं. ती निघाली ती कोरेगावहून, काकूच्या माहेराहून. आई आणि भाऊ तिकडे गेले होते. वडिलांना तिनं बोलावलं नाही. विजयमालाही परत त्या घरात गेली नाही. गावात कळायचं ते कळलंच. पारावर जोतीराम बसले की, बाकीचे फौजी विषय बदलतात, असं बशीरभाई सांगत होते.

परवा जोतीराम माझ्या ऑफिसात आले. काम काहीच नव्हतं. मिशा पिळलेल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, ह्याला कायद्यात काय शिक्षा न्हाई व्हय?"

"कशाला?"

"मी केलं त्याला."

लोकांची बस चुकली तर काय मागायचं, कोणाकडे मागायचं, हे मला तोंडपाठ आहे. यांना काय सांगू? खोटं सांगायची माझी जीभ नाही. "नाही," मी म्हटलं. "असली तरी क्रांतीनं ती मागितली नाही."

"तुमाला तिचा फोन येतो न्हवं? शिवतेज म्हनाला."

"येतो. काल आला होता. थंडी फार आहे म्हणाली. पळण्यात पहिली येते."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. टोपी हातात फिरवत त्यांनी विचारायचं ते विचारलं. "माझं काय इचारलं का तिनं?"

मी खरं ते सांगितलं. "नाही."

त्यांनी मान डोलावली, टोपी डोक्यावर चढवली आणि उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "नसू दे. खुशाल हाय न्हवं? मग झालं."